ब्लॅकआउटमधली मुंबई, तिची नाटके आणि न लिहिली गेलेली कादंबरी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेले काही रविवार आपल्या पुरवणीत मराठी ऐतिहासिक कादंबरीवर जी चर्चा चालली आहे, ती मी आवडीने वाचतो आहे. गड, दरबार, लढाया आणि राजघराण्यातली माणसे यांच्या पलीकडे आपली ऐतिहासिक कादंबरी पाऊल टाकत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक लेखकाने केली. मात्र पाऊल टाकायचे तर कोणत्या दिशेने, हे कोणी सांगितल्याचे आढळले नाही. म्हणून हे पत्र. १९३९ ते १९४५ ही महायुद्धाची सहा वर्षे, त्या वर्षांतली मुंबई आणि त्या मुंबईत रोज संध्याकाळी तोंडाला रंग लावून उभी राहणारी माणसे, हा विषय मराठी कादंबरीकारांनी आता हाती घ्यावा, असे मला वाटते. तो काळ पाहिलेली पिढी जवळपास संपली आहे, म्हणजे ‘ऐतिहासिक’ हे विशेषण त्याला लावायला हरकत राहिलेली नाही. आणि ती पिढी ज्यांच्याशी बोलली ते आम्ही अजून आहोत, म्हणजे लिहायला फार उशीरही झालेला नाही.

माझे आजोबा गिरगावात राहत, कचेरीत कारकुनी करत आणि हौशी नाटकमंडळींत प्रॉम्प्टिंग करत. त्यांची एक बॅटरी आमच्या घरी पुष्कळ वर्षे होती. तिच्या काचेवर निळा कागद डकवलेला होता आणि तो कोणी काढू नये अशी घरात सक्त ताकीद होती. आजी सांगे की, ब्लॅकआउटसाठी, म्हणजे रात्री शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून, खिडक्यांच्या काचांना खळीने काळे कागद चिकटवले होते, गच्चीवर वाळूच्या बादल्या ठेवल्या होत्या आणि फटीतून उजेड दिसला की खालून ए.आर.पी.चा, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या दलाचा, वॉर्डन ओरडत असे. तो वॉर्डन चाळीतलाच होता. एरवी त्याला कोणी विचारत नसे, त्यामुळे त्याचा आवाज जरा जास्तच मोठा निघे, हेही ती न चुकता सांगे.

इंग्रजीत युद्धकाळातल्या नागरी जीवनावर कादंबऱ्यांचे पीक उदंड आहे आणि त्यांत नाटकवाल्यांवरच्या कादंबऱ्यांचा वेगळा ढीगच आहे. त्यांचा साचा ठरलेला असतो. लंडनवर बॉम्ब पडत आहेत, सायरन वाजतो आहे, प्रेक्षक खुर्च्या सोडत नाहीत, नट वाक्य अर्धे टाकत नाही आणि पडदा ठरल्या वेळीच पडतो. त्यात खोटे काही नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारल्याबरोबर ब्रिटिश सरकारने सगळी नाटकगृहे आणि चित्रपटगृहे बंद केली, तेव्हा बर्नार्ड शॉ यांनी ‘टाइम्स’च्या संपादकांना पत्र लिहून हा हुकूम म्हणजे कल्पनाशून्य मूर्खपणाचा कळस असल्याचे खडसावले होते. रजेवर आलेल्या सैनिकाला तर अशा वेळी करमणुकीची गरज सर्वांत जास्त असते, असे त्यांचे म्हणणे होते. काही आठवड्यांतच नाटकगृहे टप्प्याटप्प्याने उघडू लागली. पुढे बॉम्बवर्षावाच्या दिवसांत बहुतेक नाटकगृहांना पुन्हा कुलपे लागली, तरी सोहोमधले विंडमिल थिएटर चालू राहिले आणि ‘आम्ही कधीच बंद ठेवले नाही’ हे त्याचे ब्रीद झाले. (संपादकांना पत्र लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना शॉ यांचे हे उदाहरण धीर देणारे आहे, एवढे कंसात नोंदवतो.)

माझी भीती अशी की, आपल्याकडे कोणी हा विषय घेतला तर हाच साचा उचलून गिरगावात आणून ठेवील, आणि तो तिथे बसणार नाही. लंडनच्या नटाला रंगमंचावर उभे राहणे हेच देशकार्य वाटत होते, कारण युद्ध त्याचे स्वतःचे होते. आपल्याकडे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणा भारतीय प्रतिनिधीला न विचारता हा देश युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले आणि त्याच कारणावरून काही आठवड्यांत मुंबई इलाख्यातले बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले. इंग्रजीत ज्याला ‘होम फ्रंट’ म्हणतात त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘गृहआघाडी’ हा शब्द कोशात शोभतो, तो कोणाच्या तोंडी कधी आला नाही. ज्या युद्धाच्या झळा घरात लागत होत्या पण जे युद्ध आपले आहे की नाही याचा निकाल घराघरात लागत नव्हता, त्या युद्धाला आघाडी कुठली आणि पिछाडी कुठली? कादंबरीची खरी वस्तू मला इथे दिसते.

१९४२ ते १९४४ या काळातले एखादे मराठी मध्यमवर्गीय कुटुंब नजरेसमोर आणावे. थोरला मुलगा ९ ऑगस्ट १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीनंतर भूमिगत. मधला कम्युनिस्ट, आणि जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर त्याच्या पक्षाच्या मते हे ‘लोकयुद्ध’ झालेले. मामा मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, म्हणून फॅसिझमविरुद्ध सरकारला मदत करावी या मताचे. काका हिंदुमहासभेचे आणि सावरकरांच्या सैनिकीकरणाचे पुरस्कर्ते. धाकटा रेशनिंगच्या कचेरीत नव्याने लागलेला आणि घर त्याच्या पगारावर चाललेले. चाळीपासून थोड्या अंतरावरच्या एखाद्या वस्तीत याच वेळी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्याचा आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिल्याचा अभिमान होता. तिथल्या तरुणाला खाकी गणवेश हा गुलामीचा वेश वाटत नव्हता, आणि त्याला तो तसा का वाटत नव्हता हे समजून घेतल्याशिवाय लिहिलेली कादंबरी लंगडीच राहील. यातल्या प्रत्येकाला नाटक आवडते असे धरले, तर कोण कोणते नाटक पाहायला जाईल आणि कोणत्या नाटकावर बहिष्कार घालील, एवढ्या प्रश्नातून निम्मी कादंबरी उभी राहते.

या प्रत्येक मताला त्या वर्षांत स्वतःचा रंगमंच होता, हे आपण विसरतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये सांगलीला मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव झाला. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ला शंभर वर्षे पूर्ण झाली होती आणि अध्यक्षस्थानी सावरकर होते. त्याच वर्षाच्या मे महिन्यात मुंबईत ‘इप्टा’ची, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची स्थापना झाली. बंगालच्या दुष्काळातल्या भुकेल्यांसाठी तिची पथके गावोगाव गाऊन-नाचून पैसे गोळा करू लागली. गिरणगावात अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तो कामगारांच्या सभांतून गाजला, आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. व्होल्गेच्या काठावर लढणाऱ्या सैनिकांचे गुणगान परळ-लालबागच्या मैदानात डफ-तुणतुण्याच्या साथीने चालले आहे आणि श्रोत्यांतल्या काहींचे भाऊ येरवड्यात बंदी आहेत, हा प्रसंग कल्पिण्याची गरजच नाही. टाळी द्यायची की उठून जायचे, हा प्रश्न त्या श्रोत्याला पडत असणार. चळवळीच्या वेळी कम्युनिस्ट कुठे होते, या प्रश्नाने पुढे कित्येक वर्षे मराठी राजकारणात आणि साहित्यात कडवटपणा ठेवला. त्याची मुळे लिखित ठरावांत शोधण्यापेक्षा अशा एखाद्या मैदानात शोधणे कादंबरीकाराला अधिक सोयीचे जाईल.

यानंतर व्यावसायिक रंगभूमी. आपल्या नाट्येतिहासाच्या पुस्तकांतून शिकलेली समजूत अशी की, बोलपट आला, नाटक कंपन्या बुडाल्या आणि मग स्वातंत्र्य मिळेपर्यंत सगळा अंधारच होता. पहिले दोन भाग खरे आहेत. तिसरा मान्य करणे मला जड जाते. मो. ग. रांगणेकर यांनी ‘नाट्यनिकेतन’ काढली ती १९४१ मध्ये, युद्ध ऐन भरात येत असताना. ‘आशीर्वाद’ त्याच वर्षी आले, ‘कुलवधू’ १९४२ मध्ये, ‘कन्यादान’ १९४३ मध्ये. ‘कुलवधू’च्या सालाकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. ज्या वर्षी सिंगापूर पडले, रंगून पडले, मुंबईतली कुटुंबेच्या कुटुंबे बायकामुलांना घेऊन गावाकडे पळाली, गवालिया टँकवर ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या, त्या वर्षी ज्योत्स्ना भोळे ‘बोला अमृत बोला’ गात होत्या, मास्तर कृष्णरावांच्या चालीवर माना डोलत होत्या आणि घर व कर्तृत्व यांच्या ओढाताणीत सापडलेल्या एका सुनेची गोष्ट माणसे तिकीट काढून पाहत होती. या नाटकात युद्ध नाही. कोणाला हा पलायनवाद वाटेल. मला वाटते की, ज्या बाईने पहाटे रेशनच्या रांगेत उभे राहून संध्याकाळी हे नाटक पाहिले, तिच्यापुरता तो पलायनवाद नव्हता. घराबाहेर पडण्याचा प्रश्न तिच्यापुढे रोजच होता, कारण महागाईने शिकलेल्या मुलींना कचेऱ्यांत नोकऱ्या धरायला लावायला सुरुवात केली होती.

या नाटकांची घडणही पाहावी. रात्रभर चालणारे, पदांच्या मागून पदे येणारे, ‘वन्समोअर’ घेत पहाटे संपणारे संगीत नाटक मागे पडून तीनएक तासांत संपणारे, घरातल्या एका दिवाणखान्यात घडणारे, मोजक्या पात्रांचे आणि मोजक्या भावगीतांचे नाटक रुळले. याचे श्रेय युद्धाला देण्याची चूक मी करणार नाही. या बदलाची पायवाट ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ करून आधीच पाडली होती, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा आग्रहही तिथलाच. पण रस्त्यावर दिवे नाहीत, पेट्रोल मिळत नाही, रात्री उशिरा घरी परतणे म्हणजे ठेचकाळत जाणे, अशा शहराला हे आटोपशीर नाटक सोयीचे पडले असणार. बिऱ्हाड पाठीवर घेऊन, पडद्यांच्या गुंडाळ्या आणि पेट्या रेल्वेत चढवून गावोगाव फिरणाऱ्या जुन्या कंपनीला, सैन्याच्या वाहतुकीने गाड्या अडलेल्या त्या दिवसांत कोणी विचारले असते? जुन्या कंपनीत पखवाज किंवा सारंगी वाजवत आयुष्य काढलेला, नव्या दिवाणखानी नाटकात ज्याला जागा उरली नाही असा एखादा वादक या कादंबरीचा नायक व्हायला हवा. बालगंधर्वांना नायक करण्याचा मोह कृपा करून कोणी धरू नये. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे आणि थोर माणूस पानावर आला की बाकीची पात्रे हात जोडून उभी राहतात, असा आपल्या चरित्रात्मक कादंबऱ्यांचा अनुभव आहे.

परळच्या दामोदर हॉलचे नाव न घेता हा विषय पुढे नेणे बरोबर होणार नाही. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये उभारलेले हे नाट्यगृह कामगारांच्या रंगभूमीचे घर होते. युद्धाच्या मागणीमुळे गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या, पाळ्या वाढल्या होत्या, हातात पैसा थोडा अधिक येत होता आणि त्या पैशाला मिळणारे धान्य मात्र कमी होत होते. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ थांबला, आणि भातावर जगणाऱ्या कोकणी कामगाराला हा युद्धाचा पहिला ठळक अर्थ कळला. रॉकेलची टंचाई हा दुसरा. मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग सुरू झाले. पाळ्या सांभाळून, एका खोलीत दाटीवाटीने राहून, कोणाची तालीम दिवसपाळीनंतर तर कोणाची रात्रपाळीच्या आधी, अशी कसरत करून उभ्या राहणाऱ्या नाटकात जे नाट्य आहे, ते लंडनच्या वेस्ट एंडमधल्या कुठल्याही नाट्यगृहाच्या रंगपटात नसेल. ज्या वस्तीचा दिवस गिरणीच्या भोंग्याने सुरू होतो तिथे हवाई हल्ल्याचा भोंगा ऐकून काय वाटत असेल, एवढे एकच वाक्य नीट लिहिता आले तरी लेखकाला त्या काळात शिरल्याची पावती मिळेल.

तपशिलांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ऐतिहासिक कादंबरी तिथेच फसते. मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत. विशाखापट्टणम आणि काकीनाडावर एप्रिल १९४२ मध्ये पडले, कलकत्त्यावर त्या वर्षाच्या डिसेंबरात पडले. मुंबई सहा वर्षे फक्त वाट पाहत राहिली. तेव्हा नाटक ऐन रंगात आले असताना छतावर बॉम्ब पडल्याचे दृश्य कोणी लिहू नये. या शहराची भीती वाट पाहण्याची होती, आणि ती हळूहळू बोथट होऊन तिची थट्टा सुरू झाली, हे अधिक खरे आणि लिहायला अधिक अवघड आहे. नाटकाच्या तिकिटाच्या खिडकीवर आण्यांचा हिशेब होता आणि त्या काळात चिल्लरच बाजारातून नाहीशी झाली होती. माझी आजी सांगे की, दुकानदार सुट्याऐवजी पोस्टाची तिकिटे हातावर ठेवत. १९४३ मध्ये भोकाचा तांब्याचा पैसा निघाला तेव्हा लोकांनी त्याचीही चेष्टा केली. रुपयाच्या नाण्यातली चांदी कमी झाली होती आणि एक रुपयाची नोट १९४० पासून हातात खेळू लागली होती. कापडावर नियंत्रण आले आणि ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द आपल्या भाषेत कायमचा बसला. नायिकेची शालू-पैठणी जुन्याच पेटीतून निघत असणार. गावाकडे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारी होत्या, ज्यांच्या मागे भट्टी लावलेली असे आणि चढ आला की उतारूंनी उतरून गाडी ढकलायची असे. जत्रेतल्या तमाशाच्या फडाला रॉकेल मिळवणे हीच एक मोहीम होती. वर्तमानपत्रांच्या कागदावर नियंत्रण असल्याने पाने घटली, आणि पानांबरोबर नाटकांच्या जाहिरातीही आक्रसल्या.

कायद्याचेही भान हवे. नाटकांवर नियंत्रण ठेवणारा १८७६ चा कायदा युद्धाने आणलेला नव्हता. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ त्याच कायद्याखाली १९१० मध्ये बंद पडले होते. युद्धात भारत संरक्षण नियमांची भर पडली. पौराणिक कथेच्या आडून राज्यकर्त्यांना चिमटा काढण्याची मराठी नाटककाराची आणि तो चिमटा बरोबर ओळखून टाळी देण्याची मराठी प्रेक्षकाची सवय त्यामुळे जुनीच होती. दुसऱ्या बाजूला सरकारही करमणुकीचे महत्त्व ओळखून होते. गोऱ्या सैनिकांसाठी ‘एन्सा’ची पथके हिंदुस्थानात येत होती, हिंदी सैनिकांसाठी ‘फौजी दिलखुश सभा’ होती आणि चित्रपटगृहांतून युद्धाच्या बातम्यांची रिळे दाखवली जात होती. बेकार झालेल्या एखाद्या कंपनीनटाला अशा एखाद्या पथकाकडून पगाराचे बोलावणे आले, तर? घरी अन्न नाही आणि चाळीतले लोक ‘सरकारचा भाट’ म्हणतील, या पेचाचे उत्तर कादंबरीकाराने सोपे करून ठेवू नये.

करमणुकीच्या जागा त्या काळी निरुपद्रवी राहिल्या नव्हत्या, याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. २४ जानेवारी १९४३ रोजी लष्कर भागातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात क्रांतिकारकांनी ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि त्यात ब्रिटिश सैनिक मारले गेले. लंडनच्या कादंबरीत प्रेक्षागृह हा बाहेरच्या शत्रूपासूनचा आसरा असतो. पुण्याच्या कादंबरीत शत्रू प्रेक्षागृहातच बसलेला असतो, आणि तो कोण हे कोणाच्या बाजूने पाहावे त्यावर ठरते. या एका घटनेपुढे तो उसना साचा टिकत नाही.

१४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट या कादंबरीत येणार हे उघड आहे. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्याच शेजारी कापसाच्या गासड्या होत्या. दुपारी चारच्या सुमारास पहिला आणि अर्ध्या तासात दुसरा स्फोट झाला, शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते, आणि आगीने आसपासच्या वस्त्या गिळल्या. जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडून दूरदूर पडल्या. ती सोन्याची वीट बहुतेक मुंबईकरांच्या आजोबांनी पाहिलेली असते, निदान त्यांच्या मित्राने तरी. कादंबरीत ती नसली तरी चालेल. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. स्फोटाची वार्ता जगाला प्रथम दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्या दिवशी. इथल्या सेन्सॉरने वार्ताहरांना सविस्तर बातम्या बाहेर पाठवू दिल्या त्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आपल्या डोळ्यांदेखत शहर पेटलेले पाहून त्याबद्दल उघड बोलता न येणे, आणि खरी बातमी शत्रूच्या रेडिओवरून कानावर येणे, हे युद्धकाळातल्या मुंबईचे चित्र आहे. त्याच वर्षी मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. भालेराव यांच्या पुढाकाराने रंगभूमीचा शताब्दी महोत्सव भरवला आणि पृथ्वीराज कपूर यांनी पृथ्वी थिएटर्स सुरू केले. शहराला नाटकाची भूक किती होती, हे त्यावरून दिसते.

मुंबईच्या मराठी रंगभूमीबाहेरच्या दोन धाग्यांचा केवळ उल्लेख करतो. धोबीतलावच्या ‘कुडां’त, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून बोटीवर चाकरी करणारे गोंयकार खलाशी व्यापारी जहाजांवरून याच युद्धात बुडाले आणि मागे उरलेले तियात्राला, म्हणजे कोकणी संगीत नाटकाला, गर्दी करत राहिले. तियात्राचा जन्मच १८९२ चा, आणि तोही मुंबईतला. त्यांच्या गोव्यात तर आणखी वेगळे नाट्य होते, कारण पोर्तुगाल तटस्थ होता आणि मुरगाव बंदरात अडकून पडलेली जर्मन जहाजे ९ मार्च १९४३ रोजी कलकत्त्याहून आलेल्या हौशी शिपायांच्या छाप्यात पेटली. दुसरा धागा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा. तिथल्या छावणीत १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, राहत होते आणि त्यांनी तिथे आपल्या शाळा, चर्च आणि हौशी नाटके उभी केली होती. संगीत नाटकाची परंपरा असलेल्या कोल्हापुरात, सैबेरियातून सुटून आलेल्या मुली आपल्या भाषेत नाच-नाट्य करत होत्या. हा स्वतंत्र कादंबरीचा विषय आहे, त्याला या कादंबरीत कोंबू नये.

आता एक विनंती, आणि ती थेट आपल्याला. हा सगळा काळ कुठे सापडेल तर जुन्या वर्तमानपत्रांत, आणि त्यातही अग्रलेखांपेक्षा जाहिरातींच्या स्तंभांत. कोणत्या दिवशी कोणत्या नाट्यगृहात कोणता प्रयोग होता, दर किती होते, वेळ रात्रीवरून संध्याकाळवर कधी आली, ९ ऑगस्टनंतरच्या आठवड्यात जाहिराती आल्या की जागा कोऱ्या राहिल्या, हे सारे तिथे तारीखवार नोंदलेले आहे. ग्रंथालयांतल्या जुन्या फायली मी पाहिल्या आहेत. युद्धकाळातला कागद निकृष्ट असल्याने नेमक्या याच वर्षांची पाने बोटाच्या स्पर्शाने तुटतात. आपल्या संग्रहात १९३९ ते १९४५ चे जे अंक असतील, त्यांतला नाटकांच्या जाहिरातींचा एक स्तंभ दर रविवारच्या पुरवणीत जसाच्या तसा छापावा आणि मूळ पानांची छायाचित्रे अभ्यासकांना पाहू द्यावीत. सुरुवात ऑगस्ट १९४२ च्या दुसऱ्या आठवड्यापासून केली तर बरे होईल. माझ्या आजोबांनी त्या आठवड्यात कोणत्या तरी प्रयोगाला प्रॉम्प्टिंग केले होते, नाटकाचे नाव मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. आणि का सांगितले नाही, हे विचारण्याइतका मोठा मी तेव्हा नव्हतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक जुना वाचक, डोंबिवली